नाताळचे ताट

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. शब्द मात्र राहिला. पुढे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आले. ते प्रॉटेस्टंट, तरी तिथल्या ख्रिस्ती घरांतही सणाचे नाव नाताळच पडले.

त्या काळी धर्म बदलला की पहिला प्रश्न चुलीचा येई. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षे नातेवाइकांकडे काढून लक्ष्मीबाई परतल्या, त्याही आधी सोवळे सांभाळूनच. ‘स्मृतिचित्रे’त ते सारे आले आहे. नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती मात्र महार-मांग समाजांतले. त्यांच्या हातचे गाव आधीही खात नव्हते.

त्यांच्या चुलीवर नाताळात शिजले ते ओळखीचेच : करंज्या, चकल्या, शंकरपाळे. टिळकांमुळे प्रार्थनेत अभंगही आले.

म्हणून या घरांत नाताळच्या आठवणी निघाल्या की गोष्ट फराळाच्या ताटावर येते. रुमालाने झाकलेले ताट घेऊन मुले शेजारी जात. कोणी दारातूनच ‘आज उपास आहे’ म्हणे. कोणी ताट आत नेई, मुलांसमोर करंजी मोडून तोंडात टाके आणि रिकामे ताट देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घाली. कोणत्या घरातून साखर आली, हे नातवंडांनाही सांगितले जाई.