राज्याभिषेकाच्या पुढचे कांड

आमची आजी रामायण ऐकायची ती राज्याभिषेकापर्यंतच. राम अयोध्येला परतला, सिंहासनावर बसला, की तिचे रामायण संपले. पुढे उत्तरकांड लागले की ‘मला वाती वळायच्या आहेत’ म्हणून ती उठे आणि देवघराशी जाऊन बसे. सीतेच्या त्यागाची कथा तिला ठाऊक नव्हती असे नाही. तिला ती ऐकायची नव्हती. ते कांड मागाहून जोडलेले आहे असे अनेक पंडित मानतात, हे तिला कोणी सांगितले असते तर त्या पंडितांना तिने जेवायला बोलावले असते!

आजीची आठवण झाली ती यंदाच्या पावसाळ्यात. दहावीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि एक इंग्रजी पुस्तक जवळजवळ आपटून म्हणाला, “बाई, लेखकाने हे लिहायलाच नको होते. आमच्या पॉलचे वाटोळे केले!”

पुस्तक होते फ्रँक हर्बर्टचे ‘ड्यून मसाया’, ‘ड्यून’ या गाजलेल्या विज्ञानकादंबरीचा दुसरा भाग. मी ते पूर्वीच, शेजारी कोश ठेवून, वाचले होते. ‘आमच्या पॉलचे’ हे ऐकून मला हसू आले, पण मुलाचा राग खोटा नव्हता. शिवाय हे गाऱ्हाणे त्याच्या एकट्याचे नाही. १९६९ साली पुस्तक निघाल्यापासून कितीतरी वाचक ते करीत आले आहेत.

मुळात ही कथा वाळूपासून सुरू झाली. १९५७ साली हर्बर्ट हा पत्रकार अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, फ्लॉरेन्स या समुद्रकाठच्या गावी गेला. तेथे सरकत्या वाळूच्या टेकड्यांना शेती खाते गवत लावून रोखीत होते. त्यावरचा त्याचा लेख कधी छापला गेला नाही. पण ती वाळू त्याच्या डोक्यातून गेली नाही. वाळवंटे, तेथले धर्म, तेथले प्रेषित यांविषयी तो वाचीत राहिला. पुढे तयार झालेली कादंबरी वीसएक प्रकाशकांनी नाकारली, आणि अखेर १९६५ साली ती छापली कोणी, तर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशन संस्थेने!

गोष्ट थोडक्यात अशी. पॉल हा एका सरदाराचा मुलगा. घराण्याचा घात होतो, तो वाळवंटातील फ्रेमेन लोकांच्या आश्रयाला जातो. ते त्याला आपला तारणहार समजतात, आणि त्यांच्या बळावर तो सम्राटाला नमवून स्वतः गादीवर बसतो. वाचक खूश झाले. मात्र दोन गोष्टींकडे बहुतेकांचे लक्ष गेले नाही. तारणहार येणार ही भाकणूक एका धूर्त स्त्रीसंघाने आपल्या सोयीसाठी त्या लोकांत आधीच पेरून ठेवलेली असते. आणि आपल्या नावाने पुढे भयंकर धर्मयुद्ध पेटणार हे पॉलला त्याच पुस्तकात वारंवार दिसत असते. म्हणजे लेखकाने आधी काहीच सांगितले नाही, ही तक्रार टिकत नाही. हर्बर्टने तर पुढे स्पष्टच सांगितले की, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातील काही मजकूर पहिला भाग पुरा होण्यापूर्वीच त्याने लिहिला होता.

तरीही पहिला धक्का घरातूनच बसला. ‘ॲनालॉग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी पहिली कादंबरी क्रमशः छापली होती. दुसरी त्यांनी नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या वाचकांना बळकट, यशस्वी वीर हवे असतात. पडलेले वीर नकोत. मग ‘गॅलक्सी’ने ती छापली, तीही माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. अशा वर्षी कोणाला हरलेला नायक हवा असणार?

कॅम्पबेल वाचकांना ओळखत होते, हे मी मान्य करते. मीही कादंबऱ्या लिहिते. माझ्या एका नायकाच्या हातून शेवटी अन्याय घडायचा होता. पहिली प्रकरणे वाचून मैत्रिणी त्याच्यावर इतक्या लोभावल्या की मी शेवट बदलला. ती कादंबरी बरी खपली. तिच्याकडे मला अजून सरळ बघवत नाही.

पुस्तकात दोष आहेत. कट करणारी मंडळी कट करण्यापेक्षा बोलतात अधिक. धर्मयुद्धाची सारी बारा वर्षे दोन पुस्तकांच्या मध्येच उरकली आहेत. ज्या होरपळीबद्दल लेखकाला बोलायचे ती आपल्याला दिसतच नाही, नुसती कानावर येते. आणि पहिल्या भागात नायक इतका मोहक रंगवल्यावर वाचक भाळले, तर त्याचा थोडा दोष लेखकाकडेही जातो.

पण एक प्रसंग मी मुलाला पुन्हा काढून दाखवला. पॉल आपल्या जुन्या सोबत्याला, स्टिलगारला, पुरातन इतिहास शिकवतो. चंगीझखानाने किती मारले, हिटलरने किती मारले, ते आकडे सांगतो. स्टिलगारला ते फारसे मोठे वाटत नाहीत! मग पॉल स्वतःचा हिशेब मांडतो: कमीत कमी धरले तरी ६१ अब्ज माणसे मेली, ९० ग्रह निर्जीव झाले. हा स्टिलगार पहिल्या भागात किती शहाणा, स्वाभिमानी टोळीप्रमुख होता! बारा वर्षांत त्याचा भक्त झाला. मला त्या अब्जांपेक्षा या एका माणसाचे भक्त होणे अधिक जिव्हारी लागले.

“पण मग पॉलने ते थांबवायचे ना!” मुलगा म्हणाला.

पुस्तक याच प्रश्नावर उभे आहे. थांबवू म्हटले तरी त्याला थांबवता येत नाही. त्याचे नाव त्याच्या हातून निसटलेले आहे. शेवटी तो आंधळा होतो, त्याची चानी बाळंतपणात जाते, आणि आंधळ्याने एकट्याने वाळवंटात निघून जावे हा फ्रेमेनांचा नियम तो स्वतःला लावून घेतो. सम्राट असून सवलत मागत नाही. मुलाला हे वाटोळे वाटले. मला साऱ्या पुस्तकात तो येथेच प्रथम मोठा वाटला.

कॅम्पबेल १९७१ साली वारले. तिसरा भाग १९७६ साली त्यांच्याच ‘ॲनालॉग’ने छापला, आणि तो तडाखेबंद खपला. दिग्दर्शक देनी व्हिलनव्ह यांनी तर २०२४ च्या चित्रपटात चानीलाच शंकेखोर केले. सारे पॉलपुढे गुडघे टेकत असता ती पाठ फिरवून निघून जाते. मूळ कादंबरीत असे नाही. लेखकाचा इशारा या खेपेला तरी प्रेक्षकांच्या नजरेतून सुटू नये, यासाठीच हा बदल.

मुलाला माझे पटले नाही. “तरी बाई, वाईट वाटतेच,” असे म्हणून तो पुस्तक घेऊन गेला. सहामाही परीक्षा होऊन गेली. पुस्तक अजून परत आलेले नाही.