एक छप्पर, अनेक वाटेकरी

लूककृत शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. लोकसमुदायातून एक मनुष्य पुढे येतो आणि ‘वतन माझ्याबरोबर वाटून घ्यावयास माझ्या भावाला सांगा’ अशा आशयाची विनंती प्रभू येशूला करतो. प्रभू न्यायनिवाडा करण्याचे नाकारतो व लोभाविषयी सावध करतो. तो मनुष्य आपल्या धर्मग्रामांतून अजून नाहीसा झालेला नाही. आज तो दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्यांवर भेटतो, एवढेच.

घर मुलग्यांचे, मुलींचा वाटा लग्नात दिला गेला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. कायद्याचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातून हिंदू व मुसलमान वगळले गेले. ख्रिस्ती समाज त्याच्या कक्षेत आला. मृत्युपत्र न करता पिता निवर्तला, तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांना समसमान, हा नियम तेव्हापासूनचा आहे. १९२५ च्या कायद्यानेही तो कायम ठेवला.

परंतु पूर्वजांची एकत्र कुटुंबाची रीत धर्मांतरानंतरही अनेक घराण्यांत टिकून होती. ती या कायद्याने संपली काय? कानडा भागातील ख्रिस्ती कुटुंबाच्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने १८८६ साली ‘संपली’ असा निर्णय दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १९०६ साली वेगळे मत मांडले: कायदा वारशासंबंधी आहे, एकत्र मालकीची रूढी ख्रिस्ती कुटुंबातही असू शकते. एकाच प्रश्नाची दोन न्यायालयांनी दोन उत्तरे दिली. मग सामान्य माणसाने गोंधळून जावे, यात नवल ते काय?

शिवाय शेताचे तुकडे पाडता येतात. घराचे कसे पाडावयाचे? ओटा एकाला, माजघर दुसऱ्याला आणि विहीर तिसऱ्याला, अशी वाटणी कागदावर होते. नांदणे मात्र होत नाही. हे ओळखूनच १८९३ च्या वाटणी कायद्यात एक कलम घातले गेले. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला आणि वाटणीसाठी दावा लावला, तर घरातल्या वाटेकऱ्याला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीस घेता येतो. ‘अविभक्त कुटुंब’ म्हणजे केवळ हिंदू कुटुंब नव्हे, तर ज्यांचे राहते घर वाटले गेलेले नाही असे कोणत्याही धर्माचे कुटुंब, असा अर्थ अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९०८ साली लावला. छप्पर राखण्याची सोय आपल्यालाही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मात्र छप्पर राखणे म्हणजे बहिणीला बाहेर ठेवणे नव्हे. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याला आव्हान दिले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने १९२५ चा कायदाच तेथे लागू असल्याचे सांगितले. केरळच्या त्या भगिनींना जो समान हक्क मिळवण्यासाठी झगडावे लागले, तो आपल्या भगिनींना कायद्याने कधीचाच दिलेला होता. तरीही हक्कसोडपत्रावर सही घेताना आपण त्यांना तो समजावून सांगतो काय?

दावे बहुधा कायद्यातील उणिवांमुळे उभे राहत नाहीत. वडील हयात असताना न झालेल्या बोलण्यामुळे उभे राहतात. मृत्युपत्र करणे म्हणजे मरणाला आमंत्रण, ही भीती आपण सोडली पाहिजे. ज्या घरात सायंकाळी सर्वजण मिळून रोझरी म्हणतात, त्या घरात एके सायंकाळी सर्वांनी, मुलींनीही, कागदपत्रे घेऊन बसावे. न्यायाधीश होण्यास प्रभूने नकार दिला, तो बहुधा भावाभावांनी आपसात न्याय करावा म्हणूनच.