नांवें आणि शेंकडेवारी

राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा एवढ्यांतच इतिहास सांठलेला असतो असें नाहीं. आईबाप मुलाला कोणतें नांव देतात, याच्या नोंदी नीट मांडल्या तर एका पिढीचें मन दुसरीहून कसें पालटलें हेंही कळतें. मात्र त्या नोंदी मोजाव्या कशा, हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यानें १८८० पासूनच्या जन्मवर्षांप्रमाणें नांवांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आहेत. १८८० सालीं जन्मलेल्या मुलींत ‘मेरी’ हें नांव सर्वांत पुढें होतें. त्याच्या नोंदी ७,०६५. १९२१ सालच्या यादींत हाच आंकडा सुमारें ७४ हजारांवर गेला. नुसते आंकडे पाहणारा म्हणेल, चाळीस वर्षांत मेरीची आवड दसपटीनें वाढली! वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. मुलींच्या एकंदर नोंदींशीं ताडून पाहिलें तर १८८० सालीं मेरीचा वाटा शेंकडा ७.२, म्हणजे दर चौदा मुलींत एक, होता. १९२१ सालीं तो शेंकडा ५.८, म्हणजे दर सतरा मुलींत एक, एवढाच उरला. आवड वाढली नव्हती, नोंदी वाढल्या होत्या.

त्या वाढण्याचेंही कारण आहे. सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला १९३५ सालीं. त्यापूर्वीं जन्मलेल्यांपैकीं ज्यांनीं पुढें क्रमांकासाठीं अर्ज केला, तेवढ्यांचींच नांवें यादींत आलीं. १८८० सालीं जन्मलेली स्त्री तेव्हां पंचावन्न वर्षांची होती. कित्येकजणी त्याआधींच वारल्या होत्या. कित्येकींना अर्ज करण्याचें प्रयोजनच पडलें नाहीं. शेंकडेवारीनें ही उणीव बरीचशी भरून निघते, पण सर्वस्वीं नव्हे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु शितें भांड्याच्या एकाच कडेचीं असलीं तर ती परीक्षा फसते.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत घरोघर पाळणे हलूं लागले. १९४७ सालीं ‘लिंडा’ या नांवानें मेरीला प्रथमच मागें सारलें. त्या एका वर्षांत जवळजवळ एक लाख मुलींचें नांव लिंडा ठेवण्यांत आलें. संख्येनें हा आंकडा १९२१ च्या मेरीहून कितीतरी मोठा. वाट्यानें मात्र शेंकडा ५.५, म्हणजे तिच्याहून थोडा कमीच.

पुढें हा उतार अधिकच वाढला. २०१९ सालीं पहिल्या क्रमांकावर आलेल्या ‘ऑलिव्हिया’चा वाटा शेंकडा सुमारें १ होता, आणि मेरी पहिल्या शंभरांतही नव्हती. पहिला क्रमांक प्रत्येक पिढींत कोणत्या तरी नांवाला मिळतोच; परंतु त्याचें वजन शेंकडेवारीच सांगते. आजीचें वा संताचें नांव पुढें चालविण्यांत एका काळीं आईबापांना धन्यता वाटे. त्यांच्या पणतवंडांना आपलें मूल चारचौघांत नांवानेंही वेगळें असावें असें वाटूं लागलें. मनाचा हा पालट नुसत्या संख्येंत झांकून राहतो. शंभरांतला वाटा काढला म्हणजेच तो उघड दिसतो.