सोलापूरचे पद्मशाली आणि मालेगावचे मोमीन : दोन स्थलांतरांचा ताळेबंद

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. नागपूरच्या व्यासपीठावर सोलापूर आणि मालेगाव कशाला? आपल्या शहरात विणकर थोडे होते काय? भोसल्यांच्या राज्यात कोष्ट्यांचे माग येथे चालत होते. मोमीनपुऱ्यात आणि कामठीत उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर स्थायिक झाले. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महारांचा धंदा गिरणीच्या कापडाने बुडाला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागल्यावर त्याच समाजातले हजारो हात त्या गिरणीच्या दारात उभे राहिले. हे सगळे खरे. परंतु आपल्याच घरचा हिशेब मांडताना माणूस एक तर हळवा होतो, नाही तर रागावतो. म्हणून आज आम्ही दूरच्या दोन गावांचा हिशेब घेऊन आलो आहोत. त्यात आपले गाव आपोआप दिसेल.

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा गिरणीच्या फाटकापाशी भरली, आणि पुस्तके वाचली ती रात्री युनियनच्या कचेरीत, सभेची पत्रके बांधून झाल्यावर. तेव्हा विद्वानांनी आमच्या मांडणीत उणे काढावे, आम्ही ते आनंदाने ऐकू. परंतु एक वाक्य गेली तीस वर्षे आम्ही कामगारांच्या तोंडून, मालकांच्या तोंडून आणि सुशिक्षितांच्याही तोंडून ऐकत आलो आहोत, आणि त्याचा निकाल लावावा असे फार दिवस मनात आहे. ते वाक्य असे : "अमकी जात मुळातच कष्टाळू, म्हणून ती वर आली, तमकी जमात मुळातच तशी, म्हणून ती मागे राहिली." हे खरे असेल, तर संघटना, कायदा, शाळा या साऱ्याच गोष्टी व्यर्थ आहेत, आणि आमच्यासारख्यांनी झेंडे गुंडाळून घरी बसावे हे बरे.

हे वाक्य तपासायचे तर अशी दोन माणसे शोधली पाहिजेत की ज्यांचा धंदा एक, संकट एक आणि घर सोडण्याचा काळही साधारण एक. महाराष्ट्राच्या इतिहासात अशी जोडी आहे.

तेलंगणातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतला पद्मशाली हा पिढीजात विणकर. मार्कंडेय ऋषींना कुलपुरुष मानणारा, घरात तेलुगू बोलणारा. सोलापुरात त्याचे येणे-जाणे जुने होते; परंतु १८६० च्या सुमारास तेथे आगगाडी पोहोचली आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने निजामाच्या मुलखातील गावे मोडली, तेव्हापासून हा ओघ वाढला. दुसरीकडे बनारस, मऊ, मुबारकपूर, अलाहाबाद या बाजूचा मोमीन, म्हणजे जुन्या भाषेत जुलाहा, हाही पिढीजात विणकरच. विलायती कापडाने त्याची बाजारपेठ आधीच खाल्ली होती. १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि मागोमाग आलेले दुष्काळ यांनी त्याला दक्षिणेकडे लोटले. तो मुंबई-आग्रा रस्त्याने बायकामुलांसह चालत निघाला आणि वाटेत बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी, मुंबईचे मदनपुरा असे जेथे जमेल तेथे त्याने माग उभा केला. मालेगावला मोसम नदीकाठी नारो शंकरांचा किल्ला होता, वस्ती होती, बाजार होता. रेल्वे मात्र नव्हती, आणि गावाला अजूनही मनमाडचेच स्थानक जवळचे आहे.

दोघेही रिकाम्या हाताने आले. दोघांच्या घरात खड्डामाग. नवरा धोटा फेकतो, बायको कांड्या भरते, म्हातारे सूत उलगडतात, मुले ताण्याचे तुटलेले धागे जोडतात. दोघेही सूत उधारीवर घेत आणि साडी विणून त्याच व्यापाऱ्याला देत. दोघांनी परक्या मुलखात आपली भाषा सांभाळली. स्वातंत्र्याच्या लढ्यातही दोन्ही गावांनी किंमत मोजली. १९२१ साली खिलाफतीच्या चळवळीत मालेगावात दंगा उसळला आणि त्यात पुढे काही जणांना फाशी झाली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. सुरुवातीची पाने पाहिली तर दोघांत डावे-उजवे करावे असे फारसे काही सापडत नाही.

आता दीडशे वर्षांनंतरचा ताळेबंद पाहू. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या शिक्षणसंस्था आहेत, तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, मार्कंडेयाच्या नावाचे सहकारी रुग्णालय आहे. गंगाधर कुचन आणि लिंगराज वल्याळ हे या समाजातील गृहस्थ लोकसभेत निवडून गेले. त्याच समाजातले नरसय्या आडम हे कामगारांचे पुढारी विधानसभेत बसले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचे नाव परदेशापर्यंत गेले.

मालेगावकडे वळलो तर माग लाखांनी मोजावे लागतात. मोमिनाने खड्डामागावरून यंत्रमागावर उडी घेतली ती १९३५ च्या सुमारास, आणि गाव त्याच यंत्रावर वाढले. निहाल अहमद यांच्यासारखा समाजवादी पुढारी तेथून अनेक वेळा विधानसभेत गेला. उर्दू शाळा, मुशायरे, मन्सुऱ्याचे युनानी वैद्यकीय महाविद्यालय हेही तेथे आहे. परंतु गल्लीत उतरले की चित्र बदलते. एका छपराखाली माणूस आणि साचा दाटीने नांदतात. पाळी बारा तासांची, मजुरी कापडाच्या लांबीवर, आणि आजारपणाची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. पक्के घर, दवाखाना, म्हातारपणाची सोय या बाबतींत सामान्य मोमीन मजूर सामान्य पद्मशाली मजुराच्या मागे राहिला, हे मान्य केले पाहिजे.

हे असे का झाले? येथेच ते जुने वाक्य पुढे सरसावते. आम्ही त्याला जरा थांबवतो आणि तीन गोष्टी पुढे ठेवतो.

पहिली गोष्ट गिरणीची. सोलापुरात १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी उभी राहिली; लोक तिला पुढे जुनी मिल म्हणू लागले. तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. गिरणी माणसाला पिळते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. परंतु गिरणीला एक फाटक असते, हजेरीपट असतो, आणि त्या फाटकावर पाच हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. संघटना तेथे रुजते. कारखान्यांचा कायदा १९४८ सालचा, कामगार विमा त्याच सालचा, भविष्यनिर्वाह निधी १९५२ चा. हे कायदे फाटकातून आत शिरू शकतात, कारण आत माणसे मोजलेली असतात. गिरणीत न गेलेल्या विणकरालाही त्या हवेचा लाभ झाला. संप, मागणीपत्र, तडजोड हे शब्द सोलापूरच्या गल्लीबोळांत रुळले. मालेगावात गिरणी नव्हती. तेथे चार साचे भावाच्या नावावर, चार मेहुण्याच्या, चार स्वतःच्या. कारखान्यांचा कायदा वीज वापरणाऱ्या जागेत दहा माणसे असल्यावाचून लागू होत नसे, आणि तुकडे केले की दहा कोठेच भरत नसत. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्यांचे काम भिवंडी-मालेगावच्या छपरांखाली गेले. मागांची संख्या फुगली, कायदा मात्र त्यांच्या मागे गेला नाही.

दुसरी गोष्ट बायकांच्या कामाची. सोलापुरात पद्मशाली घरातील हजारो स्त्रिया विड्या वळतात. तंबाखूच्या धुळीने छाती जाते, पाठ मोडते. ते काम सुखाचे मुळीच नाही. परंतु ते मोजले जाते. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधीचा कायदा झाला, बाईच्या नावाने कार्ड निघाले. त्या कार्डाच्या आधारावर संघटनेने वर्षानुवर्षे लढून कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली तिच्या किल्ल्या बायकांच्या हाती आल्या. विडीच्या चळवळीचे ऋण आम्हा नागपूरकरांना ठाऊक असले पाहिजे. आपल्या कामठीच्या बाबू हरदासांनी १९३० नंतरच्या वर्षांत विडी मजुरांची संघटना बांधली होती. मालेगावातही बाई कामच करते. ती घरात कांड्या भरते, सूत उकलते. पण ते काम मालकाच्या वहीत नाही, सरकारच्या दप्तरात नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्याही दप्तरात नव्हते. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही नागपुरातील एका विणकर वस्तीत कामगारांची यादी करीत होतो. एका घरात बापाचे आणि दोन मुलांचे नाव लिहून उठलो, तेव्हा रहाटापाशी बसलेली बाई म्हणाली, "माह्यं नाव नाही लिवत का, भाऊ? सकाळपासून कांड्या तं मीच भरून रायली." आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी सबंध वस्तीची यादी आम्ही पुन्हा केली, आणि माणसांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला.

तिसरी गोष्ट भीतीची. १९७० आणि १९८४ साली भिवंडीत दंगली झाल्या; माग जळाले, माणसे मेली. मालेगावात २००१ साली दंगल झाली, २००६ आणि २००८ साली बाँबस्फोट झाले. ज्याच्या पोटापाण्याचे यंत्र एका रात्रीत राख होऊ शकते तो माणूस आपल्याच मोहल्ल्यात राहतो, आपल्याच लोकांत कर्ज काढतो, आणि मालक आपल्या धर्माचा आहे म्हणून बारा तासांबद्दल ब्रही काढीत नाही. भीतीने मजूर आणि मालक एका भिंतीच्या आत येतात, आणि त्यात मजुराचे तोंड बंद होते.

आता कोणी म्हणेल, ही तुमची कामगारी वकिली झाली; जातीचा गुण नाही हे सिद्ध कोठे झाले? त्यावर आमचा पुरावा भिवंडी. भिवंडीत मोमीन आहेत, आणि पद्मानगर नावाची तेलुगू पद्मशालींची मोठी वस्तीही आहे. हे पद्मशाली सोलापूरच्याच भाऊबंदांचे. तोच मार्कंडेय, तीच भाषा, तेच हात. परंतु तेथे सोलापूरसारखी गिरण्यांच्या फाटकांवर वाढलेली संघटना नाही. विखुरलेली छपरे आहेत. आणि त्या छपराखालचा पद्मशाली मजूर मोमीन मजुरासारखाच बारा तास उभा राहतो, तशीच उचल घेतो, तसाच खोलीत दाटीने झोपतो. गावी राहिलेल्यांचे पाहावे तर तेलंगणातील सिरसिल्ला येथे यंत्रमागावरच्या विणकरांनी कर्जापायी आत्महत्या केल्या. एकाच जातीची माणसे तीन ठिकाणी तीन दशांत सापडतात. गुण जर रक्तात असता तर तो भिवंडीच्या वाटेवर कोठे गळून पडला?

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोलापूरच्या त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणीच्या बळावर मिळालेले पुष्कळसे हक्क गिरणीबरोबर गेले. मालेगावचा माग मात्र चालू राहिला. मोमीन समाजाने हजारो लहान मालक निर्माण केले, हे यश लहान नव्हे. फक्त सूत विकणारा आणि कापड घेणारा व्यापारी बहुधा बाहेरचा राहिला, म्हणून नफ्याची साय वरच्यावर निघून गेली. आणि पद्मशालींतही कारखानदार व त्याच्या मागावरचा मजूर यांची जात एक असली तरी ताट एक नाही. "समाज पुढे गेला" असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्या समाजातील शंभर घरे पुढे गेलेली असतात आणि उरलेल्यांची नावे त्या शंभरांच्या पाठीमागे झाकलेली असतात. आज पद्मशाली राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात आहेत, मोमीन इतर मागासवर्गात आहेत. म्हणजे दोघांचाही प्रवास अर्ध्या वाटेवर आहे हे सरकारनेच लिहून ठेवले आहे.

श्रोतेहो, एम्प्रेस मिलच्या जागेवर आज बाजारसंकुल उभे आहे. आपल्या गिरणी कामगारांची नातवंडे आज बांधकामावर, गोदामात, दुचाकीवर डबे पोहोचविण्यात राबत आहेत. त्यांना फाटक नाही, हजेरीपट नाही. छत्तीसगडातून, विंध्यापलीकडून, मेळघाटातून नवी माणसे रोज नागपूरच्या स्थानकावर उतरत आहेत. पन्नास वर्षांनी कोणी त्यांचाही ताळेबंद मांडील आणि म्हणेल, अमके वर आले, तमके मागे राहिले. त्या वेळी उत्तर जातीत शोधले जाऊ नये असे वाटत असेल, तर काम आजच करायला हवे. आलेल्या माणसाचे नाव वहीत चढवावे, त्याच्या बायकोचे चढवावे, मुलाला शाळेत बसवावे, आणि त्याच्या वस्तीला रात्री निर्धास्त झोप मिळेल असे शेजारपण ठेवावे. येत्या रविवारपासून आम्ही शहरातील बांधकामांवर अशी यादी करण्यास निघत आहोत. ज्यांना लिहिता-वाचता येते आणि दोन तास उन्हात फिरता येते, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी आपले नाव द्यावे.