घरचे मडके आणि कारखान्याचे पिंप

दिवाळीचा फराळ घरचा बरा की विकतचा, हा वाद आपल्याकडे दरवर्षी रंगतो. इंग्लंडात असाच वाद बिअरवरून चालला, आणि तो काही शतके पुरला. गृहिणींनी दचकू नये. मी कृती शिकवायला बसलेलो नाही. सांगायचा आहे तो इतिहास, आणि त्याचा पूर्वार्ध तर गृहिणींचाच आहे.

मध्ययुगात ‘एल’ नावाचे पेय इंग्लंडात बहुधा बायकाच घरी करीत. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, ऊन पाण्यात कालवायचे आणि निथळलेला गोड रस आंबवायचा. हे पेय थोड्याच दिवसांत बिघडे. म्हणून घरापुरते ठेवून उरलेले शेजारीपाजारी विकले जाई, आणि त्या बाईच्या हाती चार पैसे येत. तिला ‘ब्रूस्टर’ म्हणत. आज तो शब्द मुख्यत: आडनावातच उरला आहे.

पंधराव्या शतकात समुद्रापलीकडची हॉप्सची कडवट फुले इंग्लंडात रुळू लागली. ती घातलेली बिअर टिके. टिकणारा माल दूर पाठवता येतो, मोठ्या प्रमाणावर करता येतो. पण त्याला मोठी भांडी आणि भांडवल लागते. ते या बायकांजवळ कोठून असणार? धंदा हळूहळू पुरुषांच्या आणि पुढे कारखानदारांच्या हाती गेला. १७८५ साली लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात वाफेचे यंत्र बसले. पिंपे तर एवढी अजस्र झाली की, १८१४ साली टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या कारखान्यातले एक पिंप फुटले आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जीव गेले!

घरच्या बिअरची कड घेतली ती विल्यम कॉबेटने. १८२१-२२ सालच्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात त्याने मजुरांना बजावले की, चहा सोडा आणि पूर्वीसारखी घरीच बिअर करा. आपल्या चहाबाज मंडळींना हे ऐकून हसू येईल. पण त्याचा राग खरा होता. मोड आलेल्या सातूवरच सरकारचा कर होता, आणि तो गरिबाच्या चुलीपर्यंत पोचत होता. १८८० साली ग्लॅडस्टनने तो कर काढून बिअरवर बसवला, तेव्हा घरी बिअर करणाऱ्यांनाही परवान्याच्या जाळ्यात ओढले.

कारखान्याच्या पदरातले मापही मी त्याला देतो. घरचे मडके कधी अमृत देई, कधी आंबटढाण. १८७१ साली पाश्चरने व्हिटब्रेडच्या कारखान्यातले किण्व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि बिघाडाचे मूळ दाखवले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने शुद्ध किण्व वेगळे काढले. दर वेळी तीच चव, ही कारखान्याची खरी कमाई. आज घरी बिअर करणारा हौशी माणूसही याच विद्येवर विसंबतो.

घरगुती बिअरचा परवाना १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी रद्द केला. तेव्हापासून इंग्लंडातला गृहस्थ घरी बिअर करतो आणि मित्रांना पाजतो. मात्र विकायची म्हटली की नोंदणी आणि कर आलाच. म्हणजे मडके घरी परतले. पण शेजारणीला घडाभर विकून चार पैसे गाठीला बांधणारी ती बाई काही परतली नाही. चवीचा निवाडा ज्याने त्याने करावा. मला या इतिहासात तिचीच उणीव जाणवते.