न्यायाधीश कुणाचा माणूस?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी टळली. न्यायालय जवळ आलं, पण तिथल्या खुर्चीवर कोण बसणार हे जिथं ठरतं, ती जागा आपल्यापासून होती तेवढीच लांब राहिली. न्यायाधीश कुणी निवडायचा, हा प्रश्न या पट्ट्याला नवा नाही. इथल्या लोकांनी त्याची वेगवेगळी उत्तरं पाहिली आहेत.

पहिलं उत्तर साताऱ्याजवळच्या माहुलीचं. तिथले रामशास्त्री प्रभुणे थोरल्या माधवरावांच्या काळात पुण्यात मुख्य न्यायाधीश झाले. म्हणजे नेमणूक सत्ताधाऱ्याची. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. शास्त्रींनी त्यांनाच दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. आपण ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतो. पण पद्धत म्हणून पाहिलं तर ती काळजीत टाकणारी आहे. निकाल लागला, पण अंमलात आला नाही. ज्याच्या विरोधात निकाल दिला तोच सत्तेवर असल्यामुळे जावं लागलं ते न्यायाधीशाला. बारभाईंनी रघुनाथरावांना बाजूला सारलं, तेव्हा शास्त्री परतले. सगळी व्यवस्था एका माणसाच्या कण्यावर उभी होती.

दुसरं उत्तर औंध संस्थानाचं. हे संस्थान तुकड्यातुकड्यांचं होतं. औंध आज साताऱ्यात येतं, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता रयतेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, आणि मसुद्यासाठी मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर व राजपुत्र अप्पासाहेब पंत राबले होते. सुमारे ७२ गावांच्या या राज्यात न्यायदानाचं कामही गावानं निवडलेल्या पंचायतीकडं आलं. पंचांना कायद्याची मदत व्हावी म्हणून तालुक्याचा न्यायाधीश गावोगाव फिरायचा. गाव पंचांना ओळखायचं आणि न्यायाधीशाला कायदा माहीत असायचा.

याच कुंडलच्या आसऱ्यानं १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार वाढलं. त्याची न्यायदान मंडळं इंग्रजांच्या कोर्टाला वळसा घालून जमिनीचे, सावकारीचे तंटे गावातच मिटवत. न्याय झटपट मिळे, तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण शिक्षा कठोर होत्या. ‘पत्री सरकार’ हे नाव तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून पडलं असं सांगतात. ज्याला गावानं आधीच गुन्हेगार ठरवलंय, त्यानं अपील कुणाकडे करायचं?

याच सुमारास अमेरिकेतलं मिसुरी राज्यही या प्रश्नाशी झगडत होतं. तिथं निवडणुकीतून येणारे न्यायाधीश पक्षांच्या पुढाऱ्यांच्या कह्यात गेले होते. १९४० मध्ये मतदारांनी नवी पद्धत स्वीकारली. एक आयोग तीन नावं सुचवतो, गव्हर्नर त्यातलं एक निवडतो आणि काही काळानं त्या न्यायाधीशाला ठेवायचं की नाही यावर लोक मत देतात.

आता आपल्याकडं पाहू. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससीची परीक्षा असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. या पायरीवर निदान जाहिरात आणि गुणवत्ता यादी तरी दिसते. वरच्या पायरीवर, उच्च न्यायालयासाठी, कॉलेजियम नावं सुचवतं आणि सरकार नेमणूक करतं. मध्येच नाव अडलं तर कुठं आणि का अडलं, हे बाहेरच्याला क्वचितच कळतं. २०१४ च्या कायद्यानं सहा जणांचा आयोग आणला. त्यात कायदामंत्री होते, आणि कुठलेही दोन सदस्य नाव रोखू शकत होते. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो ४ विरुद्ध १ असा रद्द केला.

माझ्या मते ते रद्द होणं योग्यच होतं. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. त्याच्या हातात न्यायाधीश अडवण्याची किल्ली दिली, तर आपण पुन्हा रामशास्त्रींपाशी येतो आणि न्याय एकेका माणसाच्या धैर्यावर सोडतो. पण कॉलेजियममधून कुंडलच्या पंचांचा चांगला गुणही गळून पडला. तो म्हणजे लोकांसमोर बसणं. २०१७ पासून ठराव वेबसाइटवर येऊ लागले, पण कारणं कधी सविस्तर असतात, कधी दोन ओळींत आटपतात.

म्हणून सुधारणा साध्या हव्यात. निवडीचे निकष आधी जाहीर करावेत. निवडीची आणि नाकारण्याची कारणं लेखी द्यावीत. सरकारला उत्तर देण्याची मुदत घालावी. आयोग नेमायचाच असेल तर त्यात बाहेरची माणसं घ्यावीत, पण बहुमत न्यायाधीशांचंच ठेवावं. अखिल भारतीय न्यायिक सेवेची चर्चा अधूनमधून उठते. तेव्हा आटपाडीचा साक्षीदार मराठीत बोलतो, हे विसरू नये.

कोल्हापूरच्या बेंचसमोर उद्या आटपाडीचा शेतकरी सरकारविरुद्ध जमिनीचा खटला घेऊन उभा राहील. समोरचा न्यायाधीश सरकारचाही नाही आणि गर्दीचाही नाही, एवढी खात्री त्याला हवी. आणि त्या माणसाला तिथं का बसवलं, हे त्याला वाचता यायला हवं.