गव्हासारखंच दिसणारं गवत

तणांवर संशोधन करायचं ठरलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणतं तणनाशक चांगलं?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कसा, ते हरियाणा-पंजाबच्या गव्हाच्या इतिहासात बघा.

१९६० च्या दशकात तिथे बुटके गहू आले, सोबत खत आणि पाणीही वाढलं. उंच देशी गहू तणावर सावली धरायचा, बुटक्याला ते तितकं जमेना. मग खरिपात भाताचं क्षेत्र वाढलं आणि भात-गहू, भात-गहू हेच चक्र पक्कं झालं. भाताच्या चिखलणीत आणि साचलेल्या पाण्यात जंगली ओटसारखी तणं मागे पडली. फॅलॅरिस मायनर, म्हणजे तिकडचे शेतकरी ज्याला मंडूसी किंवा गुल्ली-डंडा म्हणतात, त्याचं बी मात्र टिकलं. ओंबी येईपर्यंत हे गवत हुबेहूब गव्हासारखं दिसतं, त्यामुळे खुरपणीत हाती लागत नाही.

१९८० च्या सुमारास आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वापरात आलं आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण तेच पीक, तेच औषध, दहा-पंधरा वर्षं! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फवारूनही मंडूसी मरेना. काही शेतकऱ्यांनी तर हिरवा गहू कापून गुरांना घातला. हिसारच्या कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिकारशक्ती नोंदवली. गंमत म्हणजे, गहू ज्या प्रकारे हे औषध शरीरात मोडून निकामी करतो, तीच युक्ती मंडूसीकडेही होती.

आता इथे थांबा. ही प्रतिकारशक्ती दिसली ती मुख्यतः वर्षानुवर्षं भात-गहूच घेतलेल्या शेतांत. जिथे मधे बरसीम किंवा ऊस होता, तिथे त्रास कमी. बरसीम चाऱ्यासाठी पुन्हा पुन्हा कापतात, त्यामुळे मंडूसीला बी धरायला वेळच मिळत नाही. म्हणजे तण निवडलं पीकपद्धतीने, आणि त्यातलं न मरणारं निवडलं तणनाशकाने.

१९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधं आली. सोबत शून्य मशागतही पसरली. जमीन कमी हलते, पेरणी लवकर होते, म्हणून थंडीत उगवणारी मंडूसी कमी येते. पण पुढे नव्या औषधांनाही प्रतिकार दिसला. फेरपालट मात्र मागेच राहिली, कारण भात आणि गहू दोन्हींना हमीभावाची खरेदी होती. सल्ला बरोबर असूनही शेतकऱ्याला परवडला पाहिजे ना!

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना औषध आणि मात्रा यांच्या रकान्याआधी एक प्रश्न लिहा: या शेतात गेली दहा वर्षं काय पिकलं, आणि काय फवारलं? तण शेताची जुनी वही असते. आपण फक्त शेवटचं पान वाचतो.